बडोद्यात बंगल्यामागच्या छोट्या जागेत बुटका आंबा लावायचाय. कोणता घ्यावा, कलम कसं पारखावं?

सरळ 'आम्रपाली' मागा. दशहरी-नीलमच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात मुळातच बुटकी. अडीच मीटर अंतरावरही लावतात. केसर आपला लाडका खरा, पण त्याला जागा लागते.

नर्सरीत फळं लटकलेल्या कुंडीला भुलू नका. खाली वाकून खोड बघा: वीतभर उंचीवर कलमाचा सांधा दिसायलाच हवा. नसेल तर ते कोयीचं रोप, मग बसा वर्षानुवर्षं वाट बघत! पिशवीत मुळं गोल गुंडाळली असतील तर दुसरं मागा. सांध्याखालचे फुटवे दिसतील तसे खुडा, ते गावठी खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याचे.

मे महिन्यात घेऊ नका, पाऊस लागू द्या. पहिली दोन-तीन वर्षं मोहर काढून टाका. जिवावर येतं, पण झाड बाळसं धरतं.