हिरड्याच्या अर्काला एमआरएसएवर (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतू) १८ मिमी झोन (चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला, सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाला १४. अर्क सरस म्हणायचा का?

नाही. सेफॉक्सिटिनच्या चकतीवर ३० मायक्रोग्रॅम औषध असतं. तुम्ही १०० मिग्रॅ/मिली अर्काचे २० मायक्रोलिटर टाकले असतील, तर ते झाले २ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास सदुसष्ट पट. शिवाय सेफॉक्सिटिन इथे एमआरएसए ओळखायला असतं; झोन २१ किंवा कमी आला की तो एमआरएसए. जे औषध हरणारच, त्याला हरवून काय मिळवलं?

झोनचा फोटो मागणाऱ्या परीक्षकांशी माझा वाद जुना आहे. आगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) जे पसरतं त्याचाच झोन मोठा दिसतो. कोलिस्टिन हे खरं प्रतिजैविक, पण नीट पसरत नाही म्हणून त्याचीही चाचणी चकतीवर करत नाहीत. मग कच्च्या अर्काला वेगळा न्याय का?

एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढा. वाळलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात १०२.४ मिग्रॅ/मिली विरघळवा, त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) घाला आणि ९६ खणांच्या प्लेटमध्ये १००-१०० मायक्रोलिटर ठेवून निम्मं-निम्मं करत जा. पातळ करतानाही १ टक्का नव्हे, २ टक्के डीएमएसओ असलेला ब्रॉथच वापरा, म्हणजे सगळ्या खणांत तो सारखा राहील. ०.५ मॅकफरलँडचं (गढूळपणाच्या या मापाइतकं दाट) जंतुमिश्रण १५० पट पातळ करून १०० मायक्रोलिटर टाकलं की पहिल्या खणात अर्क १०२४ मायक्रोग्रॅम/मिली, डीएमएसओ १ टक्का, आणि जंतू मिलीला साधारण ५ लाख. ३५ अंशांवर २० तास.

हिरड्याची खरी अडचण इथून पुढे. टॅनिन ब्रॉथमधली प्रथिनं साकळवतं, त्यामुळे जंतू नसतानाही खण गढूळ दिसतो. रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घातलं तर अर्कच त्याला गुलाबी करू शकतो. म्हणून प्रत्येक पातळीला जंतूविना अर्काचा खण हवाच. शंका आली की खणातले १० मायक्रोलिटर आगारवर पसरा. त्यात सुरुवातीला ५,००० जंतू होते. ५ पर्यंतच वसाहती उगवल्या तर ९९.९ टक्के मेले.

तुलनेला एमआरएसएवर चालणारं व्हँकोमायसिन घ्या. एटीसीसी २९२१३ या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्रमाणित वाणावर त्याची एमआयसी ०.५ ते २ मायक्रोग्रॅम/मिलीच्या बाहेर गेली तर ती प्लेट रद्द.

अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम/मिलीच्या आत आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे, हजाराच्या वर गेली तर सोडून द्या. अर्थात १०० च्या आत आली तरी टॅनिन सगळ्याच प्रथिनांना चिकटतं, म्हणून पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनने (टॅनिन धरून ठेवणाऱ्या भुकटीने) ते काढून चाचणी पुन्हा करा.