नाव कुणाचे, काम कुणाचे

धंतोली, नागपूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मैत्रिणीने आपणहून पासवर्ड सांगितला, तू तिच्या नावाने शाळेच्या संगणकावर बसून प्रकल्प पूर्ण केलास आणि बाई रागावल्या. ‘यात चोरी कुठे झाली?’ असे तू विचारतेस. चोरी झाली नाही, हे मलाही मान्य आहे. मात्र संगणकाला चेहरा दिसत नाही. त्या तासात तुझ्या हातून एखादी नको ती फाइल उतरली असती, तर नोंद मैत्रिणीच्या नावावर पडली असती आणि तिला एक तर ती चूक पदरात घ्यावी लागली असती, नाही तर तुझे नाव सांगावे लागले असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66सी पासवर्डला इलेक्ट्रॉनिक सहीच्या पंगतीला बसवते आणि दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तुझा हेतू तसा नव्हता, तेव्हा घाबरू नकोस. पण कोरा कागद सही करून कुणी कुणाला देत नाही, एवढे ध्यानात घे.

मी स्वतः या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. शिकवत होतो तेव्हा, ऑक्टोबर हीटमधल्या एका दुपारी वर्गातली वीज गेली आणि माझा ईमेल तसाच सोडून मी उठलो. वीज आल्यावर त्या जागी आठवीतला एक मुलगा बसला. ब्राउझरने आधीची पाने पुन्हा उघडू का, असे विचारले, त्याने ‘हो’ म्हटले आणि माझी सगळी पत्रे त्याच्यासमोर आली. लॉग-आउट केल्याशिवाय खाते बंद होत नाही, खिडकी बंद केली तरी नाही, हे मीच मुलांना शिकवत असे! तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, तुमचं खातं उघडं होतं, मी बंद केलं.” आजही त्याच्यासमोर मला ओशाळल्यासारखे होते.

इन्कॉग्निटोविषयी, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीविषयी, तू विचारलेस. त्याने फक्त त्या संगणकावरचा इतिहास उरत नाही. शाळेच्या नेटवर्कवरची नोंद राहू शकते.

आता प्रकल्पाविषयी, कारण खरी तक्रार मला तिथे आहे. आपल्या नागपुरातल्या झिरो माइल स्मारकाविषयी लिहिताना ‘झिरो माइल हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे’ हे वाक्य तू जसेच्या तसे उचलले आहेस. तिकडे तू दुसरीच्या नावाने काम केलेस, इथे दुसऱ्याचे काम आपल्या नावावर घातलेस. चार ठिकाणी तेच वाक्य सापडले म्हणून ते खरे वाटले असेल, परंतु चौघांनी एकमेकांचे उतरवून घेतले असेल तर साक्षीदार एकच उरतो. तिथला दगड 1907 साली देशाच्या मोजणीसाठी झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामी बसवलेला आहे आणि 1947 साली तर देशाची सीमाच बदलली. मग मध्यबिंदू जागचा कसा हलला नाही, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. रविवारी मेट्रोने जा, तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसमोर फोटो काढून लगेच परतू नकोस, दगडावरची अक्षरे वाच आणि तो परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहून मला पाठव.

मैत्रिणीला मात्र आजच पासवर्ड बदलायला सांग, आणि नवा तुला सांगू नको म्हणावे.

तुझा,
जुना संगणक शिक्षक