कॅमेऱ्यासाठी जमवलेले पैसे आधी कार्डात भरा

प्रश्न: फोटो आणि व्हिडिओ दोन्हींसाठी पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. दोन लेन्सचा डीएसएलआर (आत आरसा असलेला) संच घ्यावा की एका लेन्सचा मिररलेस (बिनआरशाचा)? किंमत जवळपास सारखी आहे. कर्ज काढायचं नाही, म्हणून नऊ महिने दरमहा पैसे बाजूला ठेवून पूर्ण रक्कम जमवली आहे. क्रेडिट कार्डाचं थोडं बिल बाकी आहे. कार्ड वापरणं बंद केलंय, किमान रक्कम न चुकता भरतो आणि थकबाकीवर विमाही आहे. चॅनेल आणि सुट्टीच्या दिवशीची छोटी कामं यांतून सहा-आठ महिन्यांत कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतील असं वाटतं.

उत्तर: तुमचे आकडे इथे जसेच्या तसे छापत नाही. तुमच्या हातात येणारा महिन्याचा पगार 100 धरतो. त्या हिशेबात तुमच्याकडे कॅमेऱ्यासाठी 90 जमले आहेत आणि कार्डावर 150 थकले आहेत. दीड महिन्याचा पगार म्हणजे ‘थोडं बिल’ नव्हे. कर्ज नको असं तुम्ही मनापासून लिहिलंत, पण 150 च्या थकबाकीसमोर 90 वेगळे ठेवून कॅमेरा घेतलात तर तो कार्डाच्या कर्जावरच घेतल्यासारखा आहे. कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांच्या वर. तुमचं बचत खातं याच्या जवळपासही काही देत नाही.

किमान रक्कम भरत राहिलं की फिटतंय असा भास होतो. ती थकबाकीच्या 5 टक्के आहे, म्हणजे आज 7.5. त्यातले 4.5 व्याजात जातात आणि मुद्दल 3 ने उतरतं. पुढच्या महिन्यात थकबाकी कमी म्हणून किमान रक्कमही कमी होते आणि फेड आणखी मंदावते. असंच चालू ठेवलंत तर तीन वर्षांनंतरही 70 च्या वर बाकी राहील आणि तोवर 115-120 नुसतं व्याज गेलेलं असेल. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त! ज्या नऊ महिन्यांत तुम्ही जिद्दीने 90 जमवलेत, त्याच नऊ महिन्यांत सुमारे 45 व्याजात गेले. बचतीची शिस्त तुमच्याकडे आहे, म्हणूनच हे पाहून वाईट वाटतं.

आता त्या विम्याबद्दल. हे उत्पादन ज्या पद्धतीने विकलं जातं त्याचा मला मनस्वी राग आहे. त्याचा हप्ता बहुधा थकबाकीच्या प्रमाणात आकारला जातो आणि त्याच बिलात चढतो, म्हणजे कर्ज जितकं मोठं तितका हप्ता मोठा. अटींत बसणारं काही घडलं तर येणारे पैसे कार्ड देणाऱ्या बँकेची बाकी फेडण्यात जातात. व्याज एका पैशानेही कमी होत नाही. वरच्या हिशेबात मी हा हप्ता धरलेलाही नाही. बँकेला लेखी कळवून तो याच आठवड्यात बंद करा.

माझ्या मते 90 पैकी 20 अडीअडचणीला ठेवा आणि 70 आजच कार्डात भरा. कार्डावर उरले 80. दरमहा कॅमेऱ्यासाठी काढत होतात ते 10 आणि सध्याचे 7.5 मिळून 17.5 ठरलेले भरा. बाकी उतरली म्हणून ही रक्कम कमी करू नका. पाच महिन्यांत कार्ड मोकळं होईल आणि एकूण व्याज जाईल 7-8. त्यानंतर 17.5 मधले 12 कॅमेऱ्याकडे वळवा, उरलेले अडचणीच्या रकमेत टाका, कारण 20 फारच तोकडे आहेत. आजपासून दहाव्या महिन्यात कॅमेऱ्याचे 60 हातात असतील.

वसुलीचं गणित मात्र मला मुळीच पटलं नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला 1000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4000 तास पाहिलेले लागतात (छोट्या उभ्या व्हिडिओंची अट वेगळी आहे). 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. प्रेक्षक सरासरी तीन मिनिटं थांबला असं धरलं तरी 80,000 वेळा व्हिडिओ पाहिला जायला हवा, आणि तिथून तर कमाईला नुसती सुरुवात होते. छोट्या कामांचे पहिले पैसे दुसऱ्या बॅटरीत, माइकमध्ये, दिव्यात जातात. पहिल्या वर्षाचं उत्पन्न शून्य धरा. कॅमेरा शिकायला घेताय, आनंदासाठी घेताय, तर तसंच म्हणा. त्यासाठी पैसे खर्च करण्यात काही गैर नाही.

आता मूळ प्रश्न. व्हिडिओही करायचा असेल तर मिररलेस. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना आरसा वर जातो आणि डोळ्याला लावायची खिडकी काळी होते, मागच्या पडद्यावरच पाहावं लागतं. जुन्या मॉडेलांचा फोकस अशा वेळी चाचपडतो. शिवाय कॅनन आणि निकॉन या दोघांनीही 2018 मध्ये मिररलेससाठी नवा माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) आणला आणि नव्या लेन्स आता त्यावरच येतात. संचातली दुसरी, लांब पल्ल्याची लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका, नवशिक्याच्या बॅगेत ती बहुतेक वेळ पडून राहते. माइकची खाच आणि पुढे वळणारा पडदा आहे का ते पाहा. 4के घेताना चित्र कडेने किती कापलं जातं, तेही विचारा, कारण काही स्वस्त मॉडेलांत ते इतकं कापलं जातं की रुंद लेन्स रुंद राहत नाही.

तुमच्या यादीत साठवणुकीचा खर्चच नाही. सेकंदाला 100 मेगाबिटने 4के चित्रीकरण केलं तर तासाला 45 जीबी होतात. 64 जीबीचं मेमरी कार्ड दीड तासही पुरत नाही, आणि मग हार्ड डिस्क आली. म्हणून 60 पैकी 45 कॅमेरा आणि लेन्सला, 15 माइक, कार्ड, डिस्कला. तेवढ्यात नवा बसला नाही तर वापरलेला घ्या. घेण्याआधी शटर किती वेळा पडलं आहे, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते विचारा आणि तिथेच पंधरा-वीस मिनिटं सलग व्हिडिओ घेऊन कॅमेरा तापून बंद पडतो का ते पाहा.

मधले दहा महिने फोनवर चित्रीकरण करा. आवाज नीट पकडणं, उजेड ओळखणं, कापाकापी, हे सगळं फोनवरही शिकता येतं. दर आठवड्याला एक व्हिडिओ पूर्ण होतोय का, हेही तेव्हाच कळेल.

एक लक्षात ठेवा. पाचव्या महिन्यात पूर्ण बाकी भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसेल. हे व्याज आधीचं बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही पूर्ण भरा, आणि त्यापुढचं बिल शून्याचं आलं की मगच कार्ड फिटलं असं समजा.