तीस पुस्तकं वाचून झाली, आता कोणतं वाचू?

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांचा आहे. चिंचवडला एका कंपनीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन कामासाठी लावून देतो. गेल्या काही वर्षांत मी सेल्फ-हेल्पची तीसेक पुस्तकं वाचली. वाचताना अंगात बळ येतं, आठवडाभरात सगळं ओसरतं. पहाटे पाचला उठायचं ठरवतो आणि मोडतो. एकवीस दिवसांचा नियम एकदाही पूर्ण झाला नाही. एक दिवस चुकला की वही फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रोज आरशासमोर ‘मी आत्मविश्वासू आहे’ म्हणतो, तरी सुपरवायझरच्या मुलाखतीत दोनदा माझी बोबडी वळली. परवा बायको म्हणाली, आईंशी खटका उडाला. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे म्हटलं, “म्हणजे तुला आज वाईट वाटलं, असं तू म्हणतेयस.” ती भडकली. “अहो, माझ्याशी पुस्तकातलं बोलू नका. सगळी रद्दीत घालू का?” मी आळशी आहे का? आता नेमकं कोणतं पुस्तक वाचू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: आधी आळसाचं बोलू, कारण तो शब्द तुम्ही स्वतःला फार दिवस लावून घेतलेला दिसतो. तुमच्यासारखा कंपनीतला माणूस दुसऱ्या पाळीला असला की रात्री बाराला मशीन सोडतो. बस, घर, जेवण धरून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दीड-दोन वाजतात. तिथून पाचला उठायचं म्हणजे जेमतेम तीन तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. शिवाय तुमच्या पाळ्याही फिरत्या असणार, म्हणजे शरीराला सवय व्हायच्या आत वेळ पुन्हा बदलते. हा नियम तुमच्याच्यानं पाळला गेला नाही, ते शरीराच्या दृष्टीने बरंच झालं. ज्याने तो लिहिला त्याला कंपनीची बस पकडायची नसते. पहाटेचा हट्ट आजपासून सोडा. पाळी कोणतीही असो, उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवायचा, एवढं जमतं का पाहा. घड्याळात कितीही वाजले असले तरी उठणं रोज असतंच.

आता ते एकवीस दिवस. हा आकडा तुमच्यासारख्या कितीतरी जणांच्या मानगुटीवर बसलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी पाहिलं आणि 1960 च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांनी ‘निदान’ गाळलं, चेहराही गाळला, आणि कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते अशी समजूत पसरली. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हीच गोष्ट नीट तपासली. 96 जणांनी बारा आठवडे रोज एकेक साधी गोष्ट करून पाहिली. कुणी जेवणाबरोबर फळ खाल्लं, कुणी पाणी प्यायलं, कुणी व्यायाम केला. 2010 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला किती काळ जाईल, याचं त्यांनी गणित मांडलं, तर कुणाला 18 दिवस तर कुणाला 254. मधला आकडा 66. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते असं, की एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं की गाडी पुढे चालते. इतक्या वह्या फाडल्यात, त्या प्रत्येक वहीत कमावलेलं काहीतरी होतं. ती फाडायला नको होती, यापुढे फाडू नका.

आरशासमोरचं वाक्यही थांबवा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांचा 2009 चा अभ्यास आहे. ज्यांना मुळात स्वतःबद्दल कमी वाटतं, त्यांना स्वतःचं कौतुक करणारं वाक्य घोकायला लावलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. तोंड एक म्हणतं आणि मन लगेच ‘कुठं रे?’ म्हणून विचारतं. तुमचं हेच होत असावं. मुलाखतीची भीती घोकून जात नाही, ती तयारीने कमी होते. तुम्ही सेटर आहात, म्हणजे सांगण्यासारखं तुमच्याकडे भरपूर असणार. खराब माल निघून रिजेक्शन वाढलं होतं तेव्हा कारण कसं शोधलं, नव्या पोराला काम कसं शिकवलं, मशीन बंद पडली त्या रात्री काय निर्णय घेतला. असे तीन प्रसंग आधी मराठीत लिहून काढा आणि बायकोसमोर किंवा मित्रासमोर मोठ्याने सांगा. मनातल्या मनात नको. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, पुढे बोला. पॅनेल कोणत्या भाषेत विचारतं ते आधी माहीत करून घ्या आणि मग तेच प्रसंग त्या भाषेत सांगायची सवय करा.

आणि एक धरून ठेवा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत आणली. तिचा गाभा असा, की ‘मी चुकताच कामा नये’ असा हट्ट माणूस स्वतःशी धरतो आणि त्या हट्टानेच गारठतो. ‘चुकलो तर वाईट वाटेल, पण मी मोडणार नाही’ हे म्हणणं जास्त खरं आहे आणि त्यात खोटी स्तुतीही नाही. आत जायच्या आधी स्वतःला हेच सांगा.

बायकोचं मात्र मला मनापासून पटलं. समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणणं, ही समुपदेशकांची पद्धत आहे. त्यांच्या खोलीत ती शोभते. स्वयंपाकघरात, दिवसभर राबून वैतागलेल्या बाईला ती चाचणी घेतल्यासारखी वाटते. तिला काय हवं होतं? “काय झालं नेमकं?” एवढं विचारायचं, गॅसजवळ उभं राहायचं, भाजी चिरायला घ्यायची आणि ऐकायचं. आईची बाजू लगेच मांडायची नाही. पुस्तकं रद्दीत घालू का, हा तिचा राग पुस्तकांवर नाही. घरात असताना तुम्ही कायम स्वतःला सुधारण्यात गुंतलेले असता आणि ती बाजूला पडते, हे तिला बोचतंय असं मला वाटतं. येत्या सुट्टीच्या दिवशी तिलाच विचारा. ती सांगेल.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नवीन कोणतंही वाचू नका, निदान दोन महिने तरी. नवं पुस्तक हातात घेतलं की उद्यापासून सगळं बदलणार असं वाटतं, आणि तेवढ्यानेच मन निवतं, म्हणून करायचं राहून जातं. तुम्ही रोज मशीनवर काय करता? जॉबचं, म्हणजे घडवायच्या भागाचं, माप चुकलं तर ऑफसेट, फीड, स्पीड ही मशीनची सगळी सेटिंग एकदम बदलत नाही. एक बदलता, जॉब काढता, मायक्रोमीटर लावून मोजता, मग पुढचं बघता. घरात मात्र एका सोमवारी पहाटे उठणं, ध्यान, डायरी, व्यायाम, साखर बंद, असं पाच-सहा गोष्टींना एकदम हात घालता, आणि काय बिघडलं ते कळत नाही. तीसपैकी ज्या पुस्तकात सगळ्यात जास्त खुणा केल्यात ते काढा. त्यातली एकच गोष्ट घ्या आणि ती रोजच्या ठरलेल्या कामाला जोडा. बसमध्ये बसलो की त्या दिवशी शॉपवर घडलेलं एक काम दोन ओळींत लिहायचं, असं काहीतरी. मुलाखतीलाही तेच उपयोगी पडेल.

पुस्तकांवर माझा राग नाही. इंग्लंडमध्ये 2013 पासून डॉक्टर चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना ठरावीक पुस्तकं सुचवतात, ती वाचनालयात मिळतात. पण त्यातले स्वाध्याय पेन्सिल घेऊन सोडवले तरच उपयोग होतो. बाकीची पुस्तकं रद्दीत नकोत. कंपनीतल्या एखाद्या होतकरू पोराला द्या, आणि यातलं सगळं करू नकोस म्हणून सांगा.

सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ते पुस्तकाचं काम नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायला संकोच करू नका.

पुढची मुलाखत कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तारीख कळली की कळवा आणि ते तीन प्रसंगही लिहून पाठवा. कुठे कमी-जास्त करायचं ते मी वाचून सांगेन.