वडिलांच्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी आरएफ, क्रायो की पल्स्ड फील्ड एब्लेशन?

तुम्ही लिहिलंय की वडील 63 वर्षांचे, हृदयाच्या झडपा चांगल्या, एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याची) धडधड दोन दिवसांत आपोआप थांबते. पुण्यात एका डॉक्टरांनी क्रायो सुचवलंय, दुसऱ्यांनी पल्स्ड फील्ड. अशा अधूनमधून येणाऱ्या प्रकारात मी यंत्रापेक्षा डॉक्टरांचा त्यावर बसलेला हात पाहीन. ते वर्षाला किती एब्लेशन (हृदयात बारीक नळी घालून चुकीच्या ठोक्यांची वाट बंद करणं) करतात, हे निःसंकोच विचारा.

आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी), क्रायो (गोठवणं) आणि पल्स्ड फील्ड (विजेचे स्पंद) या तिन्ही पद्धतींचं काम एकच: फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं सलग कडं तयार करायचं. कड्यात फट राहिली की धडधड परतते.

आरएफमध्ये उष्णतेने एकेक ठिपका जोडत जातात. वेळ लागतो, पण सोबत फ्लटर (वरच्या कप्प्यातला दुसऱ्या प्रकारचा जलद ठोका) असेल तर त्याच कॅथेटरने (नळीने) तोही हाताळता येतो. क्रायोत साधारण 28 मिमीचा फुगा शिरेच्या तोंडाशी घट्ट बसवून 3-4 मिनिटं गोठवतात. दोन शिरा एकाच रुंद तोंडाने उघडत असतील तर फुगा नीट बसत नाही. उजव्या बाजूला श्वासपटलाची नस जवळून जाते. म्हणून ती सतत उत्तेजित करून पोटावर हात ठेवतात आणि श्वासपटलाचा झटका मंदावला की गोठवणं लगेच थांबवतात. 2016 च्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत 762 रुग्णांमध्ये क्रायो आरएफपेक्षा कमी ठरलं नाही.

पल्स्ड फील्डमध्ये विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी हृदयाच्या पेशींना छिद्रं पडतात; अन्ननलिका आणि ती नस बरीच सुरक्षित राहते, वेळही वाचतो. मात्र 2023 च्या ‘अ‍ॅडव्हेंट’ चाचणीत यश जुन्या पद्धतींच्या तोडीचंच होतं, जास्त नाही. त्यामुळे केवळ ‘नवीन आहे’ म्हणून कर्ज काढू नका. स्पंद फार दिले तर तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर आधीच सांगा.

हृदयाभोवती रक्त साचण्याचा धोका तिन्हींत आहे, म्हणून सर्जरीची सोय त्याच इमारतीत हवी. रक्त पातळ करणारी गोळी नंतर किमान 2-3 महिने चुकवायची नाही. पुढे ती थांबवायची की नाही हे पक्षाघाताच्या धोक्यावरून ठरतं, ठोके सुधारले म्हणून नव्हे. या काळात धडधड झाली तरी एब्लेशन फसलं असं समजू नका.

गावी परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा हातापायात अशक्तपणा आला, तर तिथल्या डॉक्टरांना एब्लेशन झाल्याचं आधी सांगा. अन्ननलिकेला भोक पडलं असू शकतं, विशेषतः आरएफनंतर. हे फार क्वचित होतं, पण जिवावर बेततं. तेव्हा एंडोस्कोपी करू देऊ नका, तिच्यातली हवा हृदयातून मेंदूत जाऊ शकते; छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन करून लगेच पुण्याच्या टीमला फोन करा.