अँजिओग्राफीनंतर पाय लुळे पडले; तक्रार करता येईल का?

प्रश्न : जुन्या क्षयामुळे यजमानांना खोकल्यातून रक्त पडायचं. खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी करून फुप्फुसाकडची धमनी बंद केली. त्याच रात्री कमरेखालचं बळ गेलं. 'असं क्वचित होतं,' म्हणाले. संमतिपत्रावर सही माझी आहे; ते शुद्धीवर होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. दीड वर्ष झालं. बिल दोन लाख. आता काही करता येईल?

उत्तर : ताई, करता येईल. पण मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे हाताशी जेमतेम सहा महिने उरलेत.

कधीकधी या धमनीतूनच मज्जारज्जूला रक्त नेणारी बारीक शाखा निघते. तीही बंद झाली तर पाय जातात. हा धोका वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे, म्हणूनच धमनी बंद करण्याआधी चित्रात ती शाखा शोधायची असते. काळजी घेऊनही कधी असं घडतं आणि तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तुमची तक्रार दोन गोष्टींवर उभी राहील : चित्रात शाखा दिसत असूनही पुढे गेले का, आणि 'पाय जड झाले' हे पहिल्यांदा सांगितल्यावर डॉक्टर किती वेळाने आले.

म्हणून आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. केसपेपर, नर्सिंग नोट्स, एमआरआय आणि अँजिओग्राफीची संपूर्ण सीडी मागा. नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका. नियमानुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. सीडी बाहेरच्या रेडिओलॉजिस्टला दाखवून लेखी मत घ्या.

संमतीचं म्हणाल तर समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अगदी दुर्मीळ धोके सांगितलेच पाहिजेत असं नाही. रुग्णालय यावरच बोट ठेवेल. पण त्याच निकालानुसार शुद्धीवरच्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी. तिथे आईची संमतीही पुरली नव्हती. जिवावर बेतलं असेल तरच अपवाद. रक्त त्या क्षणी किती पडत होतं, हे केसपेपरात नीट पाहा. मला तुमची ही बाजू भक्कम वाटते.

तक्रार तुमच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करा. भरपाई कितीही मागा, अधिकारक्षेत्र भरलेल्या पैशांवर ठरतं आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पोलिसांत आत्ता जाऊ नका. फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दरम्यान यजमानांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा. भरपाई मागताना तेही जोडायचं आहे.