एस-१०० संगणकांसाठी नवा प्रोसेसर बोर्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यातील काही हौशी मित्र मिळून जुने संगणक चालू स्थितीत आणण्याचे काम करतो. आमच्याकडे एस-१०० बसचे (सर्व बोर्डांना जोडणाऱ्या शंभर सामायिक तारांच्या रचनेचे) तीन संगणक आहेत. एकाच्या दर्शनी भागावर दिवे आणि कळांचे पॅनेल आहे, उरलेल्या दोघांना पॅनेल नाही. मूळ प्रोसेसर बोर्डांपैकी एकच धड चालतो. तिन्ही संगणकांत बसेल असा झेड-८० चा (झायलॉग कंपनीच्या आठ बिटी प्रोसेसरचा) एकच नवा बोर्ड आखावा, असे ठरते आहे आणि त्याचा वेग २० मेगाहर्ट्झ असावा, असा काहींचा आग्रह आहे. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सुरुवात प्रोसेसरपासून न करता बसपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही बस १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या संगणकातून निघाली. इंटेलच्या ८०८० प्रोसेसरचे संकेत जवळजवळ जसेच्या तसे शंभर जोडांवर आणून सोडलेले होते आणि पुढे अनेक उत्पादकांनी आपापल्या सोयीने त्यांचे अर्थ बदलले. आयईईई-६९६ हे अधिकृत मानक १९८३ मध्ये आले, तोवर असंख्य बोर्ड विकले गेले होते. म्हणून केवळ मानक समोर ठेवून बोर्ड आखला, तर तो कागदावर निर्दोष ठरेल आणि आपल्या सर्वांत जुन्या संगणकात मात्र चालणार नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २०, ५३ आणि ७० या पिना. मानकात त्या ग्राउंडला जोडलेल्या आहेत. अल्टेअरच्या मूळ मांडणीत मात्र २० आणि ७० वर मेमरीचे संरक्षण काढण्याचे व लावण्याचे संकेत होते आणि ५३ चा संबंध पॅनेलवरील कळांशी होता. नव्या बोर्डावर या पिना सरसकट ग्राउंडला बांधल्या, तर जुन्या पॅनेलवरील, तारेवर संकेत देणारा चालक आयसी (चिप) थेट शॉर्ट होईल. तिन्ही ठिकाणी जम्पर (हवी तेव्हा जोडता-तोडता येणारी जोडणी) ठेवावेत आणि बोर्ड तयार होईल तेव्हा ते उघडे असावेत.

दुसरी काळजी ६८ क्रमांकाच्या पिनेची. मेमरीत लिहिण्याचा हा संकेत पॅनेल असलेल्या संगणकात पॅनेलच तयार करते आणि पॅनेल नसेल तेथे तो प्रोसेसर बोर्डाने द्यावा लागतो. आपल्याकडे दोन्ही प्रकार असल्यामुळे हा संकेत बंद-चालू करण्याची सोय नसेल, तर एकाच तारेवर दोन चालक परस्परांविरुद्ध ओढतील. शिवाय काही पॅनेलांची प्रोसेसर बोर्डाशी वेगळ्या रिबन केबलने जोडणी असते. तिचे सॉकेट मूळ बोर्डावरून मोजून नव्यावर ठेवावे लागेल.

आता झेड-८० कडे येऊ. ८०८० प्रोसेसर प्रत्येक यंत्रचक्राच्या आरंभी त्या चक्राचे स्वरूप सांगणारा बाइट डेटा बसवर ठेवतो आणि बोर्डावरील लॅच तो धरून बसला देतो. झेड-८० असा बाइट देत नाही. त्यामुळे एम-वन (आज्ञा आणणे), एम-रेक (मेमरीची मागणी), आयओ-रेक (इनपुट-आउटपुटची मागणी), आरडी (वाचणे), डब्ल्यूआर (लिहिणे), रिफ्रेश (मेमरी ताजी करणे) आणि हॉल्ट (थांबणे) या संकेतांतून बसचे सारे स्थितिसंकेत आपल्याला घडवावे लागतात. त्यातही मेमरीत लिहिताना डब्ल्यूआर दुसऱ्या टी-स्टेटमध्ये (घड्याळाच्या एका आवर्तनाच्या काळात) खाली येतो, म्हणजे सक्रिय होतो, पण बसला ते आधी कळायला हवे असते. एम-रेक खाली आला आहे, पण आरडी आणि रिफ्रेश वरच आहेत, यावरून ते ओळखता येते. बोर्डाचे खरे कौशल्य या भागात आहे आणि आपल्या गटाने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

आणखी एक बारकावा सहज निसटतो. ८०८० इनपुट-आउटपुट करताना पोर्टचा क्रमांक ॲड्रेस बसच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही अर्ध्या भागांवर ठेवतो, म्हणून काही जुनी कार्डे तो वरच्या आठ तारांवरून वाचतात. झेड-८० त्या वरच्या तारांवर ए किंवा बी रजिस्टरचा मजकूर ठेवतो. अशी कार्डे वापरायची असतील, तर आयओ-रेकच्या वेळी खालचे आठ बिट वर उमटवणारा बफर बोर्डावर हवाच.

वेगाबाबत मी आपल्या मित्रांशी सहमत नाही. २० मेगाहर्ट्झला एक टी-स्टेट अवघी ५० नॅनोसेकंदांची होते. ४५० नॅनोसेकंदांच्या २७१६ ईप्रॉमला (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या कायम मेमरीच्या चिपला) तर ४ मेगाहर्ट्झलाही एक वेट स्टेट (प्रोसेसरने थांबण्याची एक जादा टी-स्टेट) द्यावी लागते. शिवाय मूळ बसमध्ये ग्राउंडसाठी ५० आणि १०० या दोनच पिना होत्या, त्यामुळे जलद संकेतांच्या कडा त्या लांब तारांवर थरथरतात आणि खोटे पल्स निर्माण होतात. जलद मेमरी प्रोसेसर बोर्डावरच ठेवण्याची सूचना पुढे येईलच. परंतु ती बसवरून दिसत नसेल, तर डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी देवाणघेवाण) वापरणारा डिस्क कंट्रोलर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. पहिल्या आवृत्तीत २ आणि ४ मेगाहर्ट्झ एवढीच निवड ठेवावी.

प्रश्न : बोर्डावर सीपीएलडी किंवा एफपीजीए (आतील तर्कमंडल आपण ठरवू शकतो अशी चिप) घेतला, तर ३.३ व्होल्टचा भाग ५ व्होल्टच्या बसला कसा जोडावा? (त्याच गटातील एक सदस्य)

उत्तर : बाहेर जाणाऱ्या संकेतांत अडचण कमी आहे, कारण टीटीएल (५ व्होल्टच्या जुन्या तर्क-आयसींच्या) इनपुटला २ व्होल्टच्या वरची पातळी ‘एक’ म्हणून पुरते आणि ७४एचसीटी मालिकेलाही ती चालते, साध्या ७४एचसी मालिकेला मात्र साडेतीन व्होल्टच्या आसपास लागतात. आत येणारे ५ व्होल्ट मात्र धोक्याचे असतात, त्यांच्यासाठी ३.३ व्होल्टवर चालणारे आणि ५ व्होल्ट सोसणारे ७४एलव्हीसी२४५ सारखे बफर वापरावेत. प्रत्यक्ष बस मात्र ७४एलएस२४४ सारख्या, २४ मिलिअँपिअर ओढू शकणाऱ्या चालकांनीच चालवावी. एचसीटीची ताकद तेथे कमी पडते. हे एलएस आयसी पुण्यातील तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केल्यास मिळण्यासारखे आहेत. तरीही माझा कल पहिला बोर्ड पूर्णपणे ५ व्होल्टच्या सुट्या आयसींवर करण्याकडे आहे, कारण प्रत्येक संकेतावर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावता येतो आणि दोष शोधणे सर्वांना शिकता येते.

प्रश्न : झेड-८० चे उत्पादन थांबले, असे ऐकले. मग त्याच्यावर बोर्ड आखण्यात अर्थ आहे का? बोर्ड छापून घेताना काय पाहावे? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : झायलॉगने झेड८४सी०० मालिकेच्या अखेरच्या मागण्या जून २०२४ पर्यंतच स्वीकारल्या, हे खरे. परंतु १९७६ पासून हा प्रोसेसर अफाट संख्येने बनला आहे आणि एका गटाच्या गरजेपुरते नग मिळवणे कठीण नाही. चाळीस पिनांचे सॉकेट चांगल्या प्रतीचे घ्यावे आणि विकत घेतलेला प्रत्येक नग चालू बोर्डावर तपासूनच ठेवावा, कारण जुन्या आयसींवर नवी अक्षरे छापून विकण्याचे प्रकार सर्रास होतात.

छपाईसाठी चार थरांचा बोर्ड घेऊन एक थर अखंड ग्राउंडला द्यावा. कडेच्या जोडांना कठीण सोन्याचा मुलामा आणि कडेला उतार मागून घ्यावा. साधा पातळ मुलामा वारंवार काढघाल केल्याने झिजतो. बसवर अनियंत्रित ८ व्होल्ट येतात, ते प्रत्यक्षात अधिकही असू शकतात, आणि प्रत्येक बोर्ड त्यांतून स्वतःचे ५ व्होल्ट बनवतो. त्यासाठी ७८०५ या नेहमीच्या रेग्युलेटरच्या जागी बसणारा स्विचिंग रेग्युलेटर घेतला, तर उष्णता बरीच कमी होईल. बोर्ड हाती आल्यावर एकही आयसी न बसवता तो स्लॉटमध्ये घालावा, प्रत्येक सॉकेटच्या वीजपुरवठ्याच्या पिनेवर ५ व्होल्ट मोजावेत आणि मगच प्रोसेसर बसवावा.